गवा टिपायचा तर आधी म्हैस टिपा

उद्या सकाळी कॅमेरा घेऊन गोठ्यात जा. धार झाली की म्हशी बाहेर कोवळ्या उन्हाला बांधतात, ती वेळ धरा. कॅमेरा 'ऑटो'वर ठेवा, एखादी म्हैस चौकट भरून घ्या आणि बटण दाबा. मग मागच्या पडद्यावर बघा. म्हैस काळी दिसणारच नाही. धुऊन धुऊन विटलेल्या छत्रीच्या कापडासारखी राखाडी दिसेल आणि तिच्यामागची चुन्याची भिंत पार पांढरीफटक पडलेली असेल. हे का झालं ते एकदा उमगलं की दाजीपूरच्या गव्याचं निम्मं काम आपल्या म्हसवडमध्येच उरकलं म्हणून समजा.

मी हे उलट्या क्रमाने शिकलो. पहिले दोन हिवाळे दाजीपूरला गेलो, गवे दिसले, फोटोही ढिगाने काढले आणि घरी येऊन बघतो तर एक गवा धड नाही. काही राखाडी, काही नुसते काळे डाग. ना डोळा, ना कातडीवरची एक घडी. लग्नांचे आणि सिद्धनाथाच्या रथाचे फोटो काढणारा मी माणूस. गुलालाच्या धुरळ्यात नि हॅलोजनच्या झगमगाटात माझा हात बसलेला. त्या काळ्या जनावराने दोन सकाळींत माझी सगळी मिजास उतरवली. तिसऱ्या वर्षी दसऱ्यापासूनच शेजाऱ्यांच्या गोठ्यात सराव सुरू केला. शेजारच्या काकूंना वाटलं, म्हैस विकायला काढलीय, त्याचेच फोटो चाललेत. त्यांची समजूत घालण्यात दोन दिवस गेले.

आपल्या माणदेशात गवा नाही. पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या मुलखात तो राहील कसा? आपल्याकडे राजेवाडीच्या तलावावर, मायणीला रोहित पक्षी उतरतात, माळावर खोकड नि लांडगा दिसतो आणि त्यांच्या फोटोंची वेगळी तऱ्हा आहे. गव्याला लागतं दाट झाडीचं, ओढ्यानाल्यांचं सह्याद्रीचं रान. म्हणजे आपल्याला जवळचं ठिकाण राधानगरी अभयारण्य, ज्याला सगळे दाजीपूर म्हणूनच ओळखतात. कोल्हापूरच्या छत्रपतींचं हे शिकारीचं राखीव रान. 1958 साली गव्यांसाठी म्हणून त्याचं अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं. 1985 मध्ये त्याची हद्द वाढवून ते 351 चौरस किलोमीटरचं झालं आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात राधानगरीही आहे. दुसरं ठिकाण चांदोली. शिराळ्याहून वारणेच्या काठाने वर गेलं की ते लागतं, कोयनेसकट 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतं. सांगली-साताऱ्याच्या माणसाला ते अधिक आपलं वाटेल. तरी पहिल्या खेपेला मी दाजीपूरच सांगेन. तिथले सडे, म्हणजे कातळाची पठारं, उघडे आहेत, नजर लांब जाते, आणि रस्त्यालगतच्या गावांत मुक्कामाची सोय होते.

नावाचा एक घोळ आधी मिटवू. या अभयारण्याला पूर्वीपासून 'बायसन अभयारण्य' म्हणत आले आणि अजूनही जीपवाले 'बायसन दाखवतो' असंच म्हणतात. खरा बायसन अमेरिकेत. दाट लोकरीचा, दाढीवाला, बर्फात तोंड खुपसून गवत शोधणारा. आपला गवा शास्त्राच्या भाषेत 'बॉस गौरस', म्हणजे गाईबैलांच्या गोतातला. म्हशीशी त्याचा रंग जुळतो, नातं मात्र खिल्लार बैलाशी. हा भेद फोटो काढणाऱ्याला का कळायला हवा? इंटरनेटवर हिवाळ्यातल्या बायसनच्या फोटोंबद्दल जो सल्ला मिळतो, तो बहुतेक बर्फातल्या प्राण्याचा असतो. माझा एक मावसभाऊ डेन्व्हरला आहे. तिथे शहराच्या कडेलाच रॉकी माउंटन आर्सेनल नावाचं वन्यजीव आश्रयस्थान आहे, 2007 साली तिथे बायसन आणून सोडले. गाडीतून बाहेर न उतरता फेरी मारायची आणि काचेतून फोटो काढायचे, अशी तिथली रीत. त्याने मला आपुलकीने कळवलं, 'दादा, एक्स्पोजर एक स्टॉप वाढव.' मी वाढवलं. बर्फात ते बरोबरच आहे, आपल्या रानात मात्र त्याने गव्याची राख होते.

त्याचं कारण असं. कॅमेऱ्याला म्हैस काय नि कापूस काय, दोन्ही सारखेच. समोर जे येईल ते सरासरीने मध्यम राखाडी करून दाखवायचं, एवढंच त्याला ठाऊक. चौकट बर्फाने भरली तर तो बर्फाला काळपट करतो, म्हणून तिकडे उजेड वाढवायचा. चौकट गव्याने भरली तर तो काळ्याला उजळवून राखाडी करतो, म्हणून इकडे कमी करायचा. अधिक-उणेची खूण असलेलं बटण प्रत्येक कॅमेऱ्यावर असतं, हल्लीच्या मोबाइलमध्येही पडद्यावर बोट ठेवून सूर्याची खूण खाली ओढता येते. गव्याने निम्म्याहून जास्त चौकट व्यापली असेल तर उणे दोन-तृतीयांशापासून सुरुवात करा आणि गरज पडली तर उणे एकपर्यंत जा.

पण हे आकडे पाठ करू नका. आकडे पाठ करणाऱ्यांची फजिती धुक्यात होते. सकाळच्या पांढऱ्या धुक्यात लांबवर उभा, चौकटीच्या दहाव्या हिश्शाएवढा गवा असेल तर कॅमेरा धुक्याकडे बघून निर्णय घेतो आणि सगळंच मळकट करतो; तिथे उलट थोडं वाढवावं लागतं. आणि पिवळ्या गवताच्या सड्यावर मध्यम अंतरावर कळप चरत असेल तर काहीच करावं लागत नाही, कारण वाळलेलं गवत बरंचसं कॅमेऱ्याच्या सरासरीत बसतं. म्हणून दर वेळी एवढंच विचारा: माझ्या चौकटीत काळं किती आणि पांढरं किती? हा अंदाज डोळ्याला लावण्यासाठीच तर गोठा.

गोठ्यातला दुसरा धडा खिल्लारचा. म्हशीशेजारी पांढरा खोंड बांधलेला असेल तर दोघांना एका चौकटीत घ्या. म्हशीची कातडी दिसावी म्हणून उजेड वाढवला की खोंड जळतो. खोंड सावरला की म्हैस कोळसा होते. गव्याच्या अंगावर ही म्हैस नि हा खिल्लार एकत्र नांदतात. अंग काळं आणि गुडघ्यापासून खाली चारही पायांत पांढरे मोजे. कपाळ राखाडी, शिंगं पिवळसर, टोकं पुन्हा काळी. अशा वेळी मी पांढरं वाचवतो. शिंगाचा आणि मोज्यांचा तपशील राहील एवढाच उजेड घ्यायचा, अंधारातली कातडी नंतर संगणकावर उघडायची. जळलेलं पांढरं कोणालाही परत आणता येत नाही, अंधारातलं बरंच काही परत येतं. यासाठी फोटो 'रॉ' स्वरूपात काढावा लागतो. जेपेगमध्ये तेवढी जागा उरत नाही. कॅमेऱ्यात हिस्टोग्राम नावाचा डोंगरासारखा आलेख दिसतो, त्याचा उजवा पाय भिंतीला टेकता कामा नये.

तिसरा धडा फोकसचा. काळ्या चेहऱ्यावर काळा डोळा; ऑटोफोकस चाचपडत राहतो, लेन्स पुढे-मागे गुरगुरते आणि जनावर निघून जातं. कॅमेऱ्याला फोकससाठी फरक दिसावा लागतो. राखाडी कपाळ जिथे काळ्या गालाला भेटतं ती रेघ, किंवा शिंगाचं बूड, किंवा उन्हात चमकणारी कानाची कड, यांपैकी कशावर तरी बिंदू ठेवा. या सगळ्या जागा डोळ्याच्या इतक्या जवळ आहेत की डोळाही स्पष्ट येतो. म्हशीवर पन्नास वेळा करून बघा. म्हैस कंटाळत नाही, घरचे कंटाळतील.

हिवाळा का, हे आता सांगायला हवं, कारण कोणी तुम्हाला म्हणेल की गवे बघायचे तर एप्रिल-मेमध्ये जा, आणि त्याचं चूक नाही. उन्हाळ्यात ओढे आटतात, पाणवठे मोजके उरतात आणि गवे तिथे हमखास येतात. हिवाळ्यात रानात ठिकठिकाणी पाणी असतं, कळप पांगलेले असतात. दोन दिवसांत एकही धड दर्शन न होता परतण्याची तयारी ठेवा. माझ्यावर ती वेळ आली आहे. पण उन्हाळ्यातला गवा मिळतो पांढऱ्या, निर्जीव उजेडात, धुळीत. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, सकाळी सातच्या सुमाराला उगवतो आणि साडेनऊपर्यंत त्याचं ऊन आडवं, पिवळं असतं. काळ्या कातडीवरचे स्नायू त्याच उन्हात उठून दिसतात. सड्यांवरचं गवत कार्तिकानंतर पिवळं पडायला लागतं, त्यावर दव असतं आणि लक्ष्मी तलावाच्या अंगाने धुकं वर चढतं. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधलेल्या राधानगरी धरणाचा हा जलाशय. थंडी कडक असेल तर गव्याच्या नाकपुडीतून निघणारी वाफही दिसते. ही वाफ उन्हाच्या विरुद्ध बाजूनेच टिपता येते, म्हणजे गवा तुमच्या आणि सूर्याच्या मधे हवा. असा एक फोटो मला मिळायला सहा हिवाळे लागले. त्यातही गव्याचा एक कान झुडपाआड गेला आहे.

जाण्याची तयारी थोडक्यात. म्हसवडहून कुकुडवाड, मायणी, विटा करत सांगलीमार्गे कोल्हापूर, तिथून राधानगरी आणि पुढे फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दाजीपूर. कोल्हापूरपासून दाजीपूर सुमारे ऐंशी किलोमीटर. पहाटे फाटकाशी उभं राहायचं तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं आणि दिवाळीच्या आगेमागे उघडतं. त्या वर्षीची तारीख, वेळ आणि शुल्क वनविभागाकडे विचारूनच निघा, ऐकीव माहितीवर नको. आत जाताना नोंद करावी लागते, वाटाड्या बरोबर घ्यावा. शनिवार-रविवार टाळा. आणि म्हसवडकरांना वेगळं सांगायला नको, पण मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या आसपासचे दिवस काढूच नका. सिद्धनाथाचा रथ सोडून जंगलात गेलात तर घरी जेवायला मिळणार नाही.

उपकरणांवर फार वेळ घालवत नाही. तीनशे ते सहाशे मिलिमीटरपर्यंत पोचणारी कुठलीही लेन्स चालेल; भाड्यानेही मिळते. पहाटे उजेड कमी असतो म्हणून आयएसओ सोळाशे-बत्तीसशेपर्यंत न्यायला बिचकू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. उभ्या गव्याला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो, वासरं बागडत असतील तर हजारावा लागतो. कळप असेल तर अॅपर्चर आठपर्यंत बंद करा, नाहीतर पुढचा गवा स्पष्ट आणि मागचे सगळे ढगात. आत जांभ्याची लाल धूळ उडते. चालत्या जीपमध्ये लेन्स बदलू नका.

तिपाई मात्र घरीच ठेवा, जीपमध्ये ती उघडता येत नाही. तिच्याऐवजी आपलं माणदेशी साधन वापरा: बाजरीची पिशवी. जुन्या जाड खाकी पँटचा पाय कापून दोन्ही तोंडं शिवायची आणि आत दोन-अडीच किलो बाजरी. जीपच्या कडेवर ती टाकली आणि वर लेन्स दाबून बसवली की हात थरथरायचा थांबतो. ज्वारीचा दाणा मोठा, तो सरकतो. तांदूळ दबून घट्ट होतो. बाजरी लेन्सच्या आकाराला बिलगते. शिवण दुहेरी घाला. अभयारण्यात परकं बी सांडणं बरं नव्हे, आणि मुक्कामाच्या खोलीत उंदीर असतात. माझी पहिली पिशवी दाजीपूरच्या पहिल्याच रात्री त्यांनी फोडली आणि दुसऱ्या दिवशी मी गुंडाळलेल्या टॉवेलवर काम भागवलं. दुसरं साधन घोंगडी. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये वाऱ्याला तिच्यासारखं काही नाही आणि तिचा काळा-करडा रंग रानात मिसळून जातो. चमकदार नायलॉनचं जाकीट चालताना खसखस आवाज करतं, तेही घरीच.

एक छोटी गोष्ट, जिच्यापायी दर वर्षी कोणाचा तरी पहाटेचा पहिला अर्धा तास वाया जातो. रात्रभर कॅमेरा बाहेर गाडीत गार पडलेला असतो. तो उबदार, दमट खोलीत आणला की लेन्सवर दव धरतं. बॅग न उघडता तशीच अर्धा तास राहू द्या. पुसत बसलात तर आतल्या काचेवरचं दव तसंच राहतं.

आता रानात. जीप थांबली की आधी इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनाची थरथर लेन्समध्ये उतरते, आणि गव्यालाही शांतता लागते. गव्याची नजर बेताची, पण नाक फार तिखट. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर तुम्ही कितीही चिडीचूप बसा, त्याला पत्ता लागलेला असतो. अत्तर, शेविंग लोशन, गुटखा, अगरबत्तीचा वास लागलेला शर्ट, यातलं काही नको. वाटाड्याशी दोस्ती करा. तो शेणाचा पो बघून सांगतो की कळप किती वेळापूर्वी गेला. ताजा, ओला, वर शेणकिडे अजून जमलेले नाहीत, असा पो दिसला तर तिथेच थांबा. पाखरांकडेही लक्ष असू द्या. गवे चालताना गवतातून किडे उडतात, म्हणून कोतवाल आणि साळुंक्या कळपाबरोबर असतात. झाडीत गवे दिसण्याआधी कधी कधी कोतवालाची झेप दिसते.

सकाळी पहिल्या दोन तासांत आणि संध्याकाळी चारनंतर कळप उघड्यावर चरायला येतात. दहाच्या पुढे ते सावलीत बसून रवंथ करतात आणि सड्याचा कातळ तापून हवा लवलवायला लागते. मग लांब लेन्सने काढलेला प्रत्येक फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. फोकस चुकला म्हणून स्वतःला दोष देऊ नका. त्या वेळात जेवा, झोपा, नाहीतर ओढ्याच्या चिखलात खूर शोधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे हौशी माणूस हमखास फसतो. मोठा नर, खांद्याशी सहा फुटांच्या आसपास उंच, वजनाने हजार किलोपर्यंत, रस्त्याच्या कडेला येतो आणि तुमच्यासमोर आडवा उभा राहतो. मान उंच, पाठीवरची धार ताठ, सगळा देह बाजूने दाखवत. अगदी संथ पावलं. तुम्हाला वाटतं, काय पोज दिली! जीपमध्ये आनंदाची कुजबुज सुरू होते. वास्तविक तो आपला आकार दाखवत असतो. दोन नर समोरासमोर आले की शिंगाला शिंग भिडवण्याआधी असेच आडवे उभे राहून एकमेकांना 'बघ, केवढा आहे मी' असं सांगतात, आणि बऱ्याचदा लहान नर तेवढ्यावरच वाट सोडतो. तुमच्यासमोर तो हेच करत असेल तर तुम्ही त्याला अडचण वाटता आहात. दोन-चार फोटो काढा आणि जीप हळूच मागे घ्यायला सांगा. त्याने मान खाली घातली, नाकातून फुत्कार सोडला, पाय आपटला, तर तेवढेही काढू नका.

एकटा फिरणारा म्हातारा नर आणि लहान वासराची आई, या दोघांपासून जास्त लांब. वासरू सोनेरी-तांबूस असतं, पायांत अजून मोजे आलेले नसतात, पटकन गाईचंच वाटतं आणि मोह होतो. आई दिसत नसेल तर ती झाडीत आहे आणि तुम्हाला बघते आहे असं धरून चाला. आई आणि वासरू यांच्यामध्ये जीप कधी उभी करू नका. अमेरिकेत यलोस्टोनला बायसनपासून पंचवीस यार्ड, म्हणजे तेवीस मीटर, लांब राहायचा नियम आहे, तरीही तिथे सगळ्यात जास्त माणसं जखमी केलीत ती बायसननेच, अस्वलाने नव्हे. मी स्वतः गाडीतूनही पन्नास मीटरच्या आत जात नाही. लांब लेन्स याचसाठी तर असते. पायी उतरणं, आवाज करून मान वर करायला लावणं, खायला टाकणं, यांचा विचारही नको. लग्नात 'इकडे बघा' म्हणायची सवय असलेल्या माझ्यासारख्यांना हे सांगावंच लागतं. गवा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ड्रोन उडवणं आणि परवानगीशिवाय आत शिरणं दोन्ही अंगलट येतं.

रात्री राधानगरी-फोंडा रस्त्यावरून जाताना गवे आडवे येतात. तिथे फोटो काढायचाच नाही. हेडलाइट मंद करा, इंजिन बंद न करता थांबा, त्यांना जाऊ द्या. फ्लॅश मारलात तर बावचळलेला गवा कुठल्या दिशेला धावेल, सांगता येत नाही.

गावाजवळ गवा आला तर? ऊस आणि भात खायला गवे रानाबाहेर येतात, शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि त्याची बाजू समजून घेतल्याशिवाय त्याच्या बांधावर कॅमेरा लावून बसू नये. पण त्याहून वाईट होतं ते शहरात. 2020 च्या डिसेंबरमध्ये पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. बातमी पसरली, माणसं मोबाइल उगारून मागे धावली, तो गल्लीबोळांतून जिवाच्या आकांताने पळत राहिला. काही तासांनी पकडला गेला आणि मेला. त्या दिवशीचे फोटो हजारोंनी निघाले असतील. आपल्या भागात, आटपाडीला असो की विट्याला, कधी चुकलेला गवा आला तर पहिला फोन वनविभागाला करायचा आणि आपण घरात थांबायचं. रानात काढलेल्या फोटोलासुद्धा जागेचा नकाशा चिकटवू नका. मोबाइलमधलं ठिकाण नोंदवणं बंद करून ठेवा, 'दाजीपूर' एवढं लिहिलं तरी पुरे. अमुक ओढा, तमुक वळण लिहिलंत की पुढच्या रविवारी तिथे पाच जीपा उभ्या असतात.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी निराश होऊ नये, पण झूम करू नये. झूम केलेला गवा डांबराच्या गोळ्यासारखा दिसतो. उलट गव्याला लहान ठेवा: अर्ध्या चौकटीत धुकं, खाली पिवळा सडा, मधे चार काळे ठिपके. पडद्यावर त्या ठिपक्यावर बोट ठेवून उजेड किंचित उतरवा. माझ्या घरातल्या भिंतीवर लावलेला एकमेव गव्याचा फोटो अशाच जातीचा आहे. तो माझ्या मुलीने मोबाइलवर काढला, मी बाजूला बसून महागड्या लेन्सचं झाकण शोधत असताना.

चौकटीत काय घ्यावं याबद्दल एकच. सगळे शिंगांच्या मागे लागतात. तुम्ही पायांकडे बघा. दवाने भिजलेल्या गवतात चार पांढरे मोजे उचलले जातात, ठेवले जातात. गवा एवढा अवजड, पण पाऊल इतकं हलकं की ऐकू येत नाही. कळप ओळीने उतारावरून जात असेल तर गुडघ्याखालचीच आडवी चौकट घेऊन बघा. आणि पाठीची धार. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जाऊन एकदम तुटणारी ती रेषा उन्हाच्या विरुद्ध बाजूने टिपली की डोंगरकड्यासारखी दिसते. खिल्लारच्या वशिंडाशी ताडून बघा, दोन्हींत किती फरक आहे ते लगेच कळेल.

घरी आल्यावर उतावीळपणे संगणकावर काळं उघडत बसू नका. सावलीची पट्टी फार ओढली की काळ्यात निळा-जांभळा कचरा दिसायला लागतो आणि गवा पुन्हा विटलेल्या छत्रीसारखा होतो, ज्यापासून आपण सुरुवात केली. काळं काळंच राहू द्या. फक्त डोळा, नाकपुडी आणि गळ्याखालच्या पोळीची घडी दिसली की थांबा. मोबाइलच्या पडद्यावर सगळंच उजळ दिसतं, म्हणून निदान एक फोटो कागदावर छापून बघा, मॅट कागदावर, साधारण आठ बाय बारा इंचाचा. विट्यात किंवा सांगलीत असा छाप सहज मिळतो. एकाऐवजी दोन प्रती काढा. दुसरी पुढच्या हिवाळ्यात दाजीपूरला नेऊन त्या वाटाड्याच्या हातात द्या. माझ्या वाटाड्याने ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाला, "हा त्या ओढ्याकडचा. डावा कान फाटलाय बघा." सहा महिने तो फोटो बघूनही तो कान माझ्या नजरेला पडला नव्हता.